नेमोचा समुद्र आणि लवणसमुद्र



यंदा मे महिन्यात मुगाचे पापड लाटत असताना मी एक इंग्रजी कादंबरी ऐकली. वाचली नाही, ऐकली. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, बी.कॉम.सुद्धा मराठीतूनच केलेलं. इंग्रजी वाचता येतं, पण एका पानाला पाव तास लागतो. पुण्याहून सुट्टीला आलेली अकरा वर्षांची नात म्हणाली, "आजी, तू लाट, मी वाचते. अडलं की मराठीत सांगते." रोज दुपारी दोन ते चार असा आमचा नेम ठरला. पापड तीन किलो डाळीचे झाले आणि पुस्तकही संपलं.

पुस्तक होतं ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाचं, समुद्राखालच्या वीस हजार लीगच्या प्रवासाचं. १८६९-७० साली ते फ्रान्समधल्या एका मासिकात क्रमशः आलं होतं. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कथा मराठी मुलांच्या हातात दिल्या, त्यामुळे तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात हे नाव आलेलं असेलच.

नातीने पुस्तक पिशवीतून काढलं तेव्हा माझ्या पोटात मात्र गोळा आला. त्याला कारण आहे. आज ते लिहायचंच, असं ठरवून बसले आहे.

१९९७ सालची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. आमचं कंधार समुद्रापासून चारशे किलोमीटरहून जास्त लांब. तरी आमच्याकडे 'समुद्र' आहे. राष्ट्रकूटांच्या काळातल्या तलावाला आम्ही जगत्तुंग समुद्र म्हणतो. जगत्तुंग ही तिसऱ्या गोविंद राजाची पदवी. त्याचा मुलगा अमोघवर्ष, आणि आदिपुराण लिहिणारे जिनसेनाचार्य हे अमोघवर्षाचे गुरू. म्हणजे हा समुद्र तसा आपल्याच घरचा. लहानपणी माझ्या मुलाला खरंच वाटायचं की मुंबईचा समुद्र जगत्तुंगापेक्षा थोडाच मोठा असेल.

त्या वर्षी त्याने वाचनालयातून याच कादंबरीचं मराठी रूपांतर आणलं होतं. जेवताना पुस्तक, झोपताना पुस्तक. दिवसाउजेडी जेवण आटपायची आमच्या घरची रीत, पण तो पान उलटल्याशिवाय ताटावर येईना. त्यातच दशलक्षण पर्व आलं. तुम्हाला माहीतच आहे, दहा दिवस रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय आणि एकेक धर्म. तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा, आणि तिसरा अध्याय द्वीप-समुद्रांचा. मध्ये जंबूद्वीप एक लाख योजनांचा. त्याभोवती लवणसमुद्र दोन लाख योजनांचा. मग धातकीखंड, मग कालोदधी, असं दुपटीदुपटीने थेट स्वयंभूरमण समुद्रापर्यंत.

बाहेरगावचे पंडितजी छान समजावून सांगत होते. तेवढ्यात माझ्या मुलाने शाळेत करतात तसा हात वर केला.

"पंडितजी, नॉटिलस पाणबुडी ऐंशी हजार किलोमीटर फिरली. पृथ्वीला दोन फेऱ्या होतील एवढी. तिला लवणसमुद्र का नाही लागला?"

बायका खुदकन हसल्या. पंडितजींनाही हसू आलं, ते काहीतरी बोलणार होते. पण मी त्यांना बोलू दिलं नाही. मुलाचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. लाज वाटली होती मला. सासूबाई पुढच्या रांगेत होत्या, शेजारी जाऊबाई. घरी आल्यावर मी त्याला नको ते बोलले. शास्त्रावर शंका घेणारा मिथ्यादृष्टी असतो, असं पाहुण्यांसमोर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुस्तक वाचनालयात परत करून आले. त्याची शेवटची पन्नासेक पानं राहिली होती.

त्याने त्रागा केला नाही. रडला नाही. देवळात येणंही लगेच सोडलं नाही. फक्त प्रश्न विचारणं सोडलं.

आता मुलगा एकोणचाळीसचा आहे. चांगला आहे, काळजी घेणारा आहे. पण माझ्याशी तो औषध, हवापाणी, गॅसचा नंबर एवढंच बोलतो. हे दुखणं किती वर्षांचं आहे हे मला नातीने पुस्तक उघडलं तेव्हा कळलं. ती म्हणाली, "बाबांनी घेऊन दिलं. म्हणाले, मला शेवट माहीत नाही, तू वाचून सांग."

मी लाटणं खाली ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेले.

आता पुस्तकाकडे वळते. मैत्रिणींनो, मला वाटलं होतं ही मुलांची साहसकथा. निघाली मात्र श्रद्धा आणि शंकेचीच गोष्ट. आधी नावाचा घोळ सांगते. वीस हजार लीग ही खोली नाही, अंतर आहे. चार किलोमीटरची एक लीग धरली की ऐंशी हजार किलोमीटर होतात. पृथ्वीचा घेर चाळीस हजार. म्हणजे बारा वर्षांच्या माझ्या मुलाचा हिशेब चोख होता!

कथा १८६६ पासून सुरू होते. समुद्रात काहीतरी प्रचंड दिसतंय, जहाजांना भोकं पडताहेत. प्रोफेसर अ‍ॅरोनॅक्स हा पॅरिसचा मोठा विद्वान. तो लेख लिहितो की हा नक्कीच महाकाय दातवाला सागरी प्राणी असणार. मात्र आपलं चुकलं तर, म्हणून एक पळवाटही ठेवतो. त्याचा नोकर कॉन्सेय मालक म्हणेल ते मानणारा. आणि नेड लँड हा कॅनडाचा भालाफेक्या, देवमाशांची शिकार करण्यात आयुष्य घालवलेला. त्या प्राण्याच्या शोधात निघालेल्या अख्ख्या जहाजावर न मानणारा तो एकटाच. कुठलाही मासा लोखंडी जहाज फोडू शकत नाही, असं त्याचं म्हणणं.

शेवटी तिघं पाण्यात पडतात आणि त्या 'प्राण्या'च्या पाठीवरच चढतात. पाठ निघते पोलादाची! विद्वानाचा विश्वास खोटा ठरला, अनुभवी माणसाची शंका खरी. इथे नात टाळ्या वाजवून म्हणाली, "म्हणजे डाऊट घेणारा जिंकला."

पण पुढे ऐका. बऱ्याच प्रकरणांनंतर राक्षसी माखल्यांचा विषय निघतो. दहा हातांचं ते जनावर जहाजं ओढून नेतं अशा दंतकथा होत्या. नेड म्हणतो, असलं काही नसतंच. त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच काचेबाहेर तेच जनावर येऊन उभं! आता शंका खोटी ठरली. व्हर्नने हे हवेतून काढलं नव्हतं. १८६१ साली अलेक्तों नावाच्या फ्रेंच जहाजाला अशी माखली खरोखर दिसली होती, तरी कित्येक विद्वानांनी ती थाप मानली. नातीने फोनवर शोधून दाखवलं, जिवंत राक्षसी माखलीचा तिच्या खोल पाण्यातला पहिला फोटो जपानी शास्त्रज्ञांनी २००४ साली घेतला. म्हणजे माझ्या लग्नानंतर बावीस वर्षांनी!

तोच नेड एका जागी बरोबर, दुसऱ्या जागी चूक. मला हे फार पटलं. शंका घेणारा नेहमी शहाणा नसतो आणि मानणारा नेहमी भोळा नसतो.

लेखकाचंही तसंच. त्याने विजेवर चालणारी पाणबुडी इतकी बारकाईने लिहिली की पुढे तसंच काहीसं घडलं. पण त्याची नॉटिलस बर्फाखालून दक्षिण ध्रुवाजवळच्या मोकळ्या समुद्रात निघते. प्रत्यक्षात तिथे समुद्रच नाही, जमीन आहे. १९११ साली अमुंडसेन तिथे पोहोचला तो बर्फावरून. व्हर्नने नॉटिलस सोळा किलोमीटर खोल नेली आहे. आता आपल्याला माहीत आहे की समुद्राची सगळ्यात खोल जागा सुमारे अकरा किलोमीटरच आहे. तरी म्हणून कुणी ते पुस्तक फेकून दिलं नाही.

घरच्या बाईची दोन-तीन निरीक्षणंही सांगते. नॉटिलसवरच्या जेवणाच्या प्रकरणाला मी नातीला थांबवलं. सगळं ताट समुद्रातल्या जिवांचं, साय म्हणजे देवमाशिणीच्या दुधाची! मी म्हटलं, "हे पान सोड बाई, माझ्या हातात पापडाचं पीठ आहे." नेमोच्या ग्रंथालयात बारा हजार पुस्तकं, पण अर्थशास्त्राचं एकही नाही, मुद्दाम ठेवलेलं नाही. बी.कॉम. बाईला राग यायचाच!

आणि एक गोड जागा. बंगालच्या उपसागरात एका रात्री सगळा समुद्र दुधासारखा पांढरा दिसतो. प्रोफेसर सांगतो की हे दूध नव्हे, पाण्यातले असंख्य सूक्ष्म जीव चमकताहेत. मला एकदम क्षीरसमुद्र आठवला, भगवंतांच्या जन्माभिषेकाचं जल जिथून आणतात तो. आणि दुसऱ्याच क्षणी आमच्या सासूबाई आठवल्या. पाणी गाळून झाल्यावर फडक्यावरची जीवाणी जपून विहिरीत परत सोडणाऱ्या. चौथी शिकलेल्या बाईने पाण्यातले जीव कधी पाहिले नव्हते, तरी आयुष्यभर सांभाळले. ती श्रद्धा निव्वळ आंधळी होती असं मला म्हणवत नाही.

आता कॅप्टन नेमो. हा कोण, कुठला, हे या पुस्तकात लेखक सांगतच नाही. जगावर रुसून पाण्याखाली राहणारा माणूस. सिलोनजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब भारतीयाला तो शार्कपासून वाचवतो, मोत्यांची थैली देतो. मला वाटलंच की याचं आपल्याशी काहीतरी नातं असणार. आणि निघालं खरं! १८७४-७५ सालच्या पुढच्या एका कादंबरीत व्हर्नने उलगडा केला आहे. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या लढ्यात इंग्रजांविरुद्ध लढलेला, बायकामुलं गमावलेला. लेखकाच्या मनात आधी तो रशियाविरुद्ध लढलेला पोलिश माणूस होता, पण प्रकाशकाला ते अडचणीचं वाटलं. तर असा हा आपला झाला.

हा नेमो देवाला मानतो की नाही? मेलेल्या सोबत्याला समुद्रतळाशी पोवळ्यांच्या दफनभूमीत पुरताना तो गुडघे टेकून प्रार्थना करतो. नेडला केवळ करमत नाही म्हणून देवमासे मारायचे असतात, तर नेमो बजावतो की उगाच जीव घ्यायचा नाही. मी मनात म्हटलं, व्वा! पण थोड्याच वेळात दुसऱ्या जातीचे देवमासे दिसतात. ते क्रूर आहेत असं ठरवून तो पाणबुडीच्या टोकाने त्यांच्या चिंधड्या करतो. आणि शेवटी एक युद्धनौका माणसांसकट बुडवतो, ती बुडेपर्यंत बघत राहतो, मग खोलीत जाऊन एका बाईच्या आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे हुंदके देतो.

त्याचा देवावर विश्वास होता, मैत्रिणींनो. क्षमा नव्हती. क्रोधकषायाने माणसाचं काय होतं हे आपण प्रवचनात शंभरदा ऐकतो, पण मला ते त्या दुपारी दिसलं.

त्या संध्याकाळी मी नातीला आपल्याकडची माशाची गोष्ट सांगितली. स्वयंभूरमण समुद्रात हजार योजनांचा महामत्स्य असतो. तो तोंड उघडून झोपतो, मासे आत जातात आणि बाहेर येतात. त्याच्या कानात तांदळाएवढा तंदुलमत्स्य राहतो. तो एकही मासा खात नाही. नुसता विचार करतो, 'हा किती मूर्ख! मी याच्या जागी असतो तर एकालाही सोडलं नसतं.' आणि तेवढ्या विचाराने तो सातव्या नरकात जातो.

नात गप्प झाली. मग तिने तोच प्रश्न विचारला. सत्तावीस वर्षांनी, त्याच घरात.

"आजी, पण स्वयंभूरमण समुद्र, लवणसमुद्र हे खरंच आहेत का? गूगल मॅपवर नाहीत."

मी लगेच उत्तर दिलं नाही. कागद-पेन्सिल घेतली. म्हटलं, "आधी हिशेब करू." जंबूद्वीप एक लाख योजन. पुढची कडी दोन लाख, मग चार, मग आठ, आणि पुष्करवर द्वीपाचा अर्धा भाग आठ. दोन, चार, आठ, आठ मिळून बावीस. दोन्ही बाजू धरल्या की चव्वेचाळीस. अधिक मधला एक. पंचेचाळीस लाख योजन. अढाई द्वीपाचा विस्तार शास्त्रात बरोबर तेवढाच दिला आहे. नातीचे डोळे चमकले, "टॅली झालं!"

मी म्हटलं, "आतला हिशेब टॅली झाला. पण तुझ्या मॅपशी टॅली होत नाही. तो कसा लावायचा हे मला माहीत नाही."

हे 'मला माहीत नाही' म्हणायला मला चौसष्ट वर्षं लागली.

मग तिला दुकानाची गोष्ट सांगितली. मोंढ्यात आमची आडत होती. लग्न होऊन आल्यावर मी बी.कॉम. म्हणून सासऱ्यांनी मला वह्या बघायला दिल्या. एका वर्षी तेरीज तीनशे चाळीस रुपयांनी जुळेना. मुनीम म्हणाले, किरकोळ खर्चात टाका, मिटलं. सासरे म्हणाले, "खोटं नाव घालून जुळवलेल्या वहीपेक्षा न जुळलेली वही बरी." मग मी कॉलेजात शिकलेलं सस्पेन्स खातं उघडलं. ज्या रकमेचं खातं कळत नाही ती तिथे ठेवायची. फेकायची नाही, आणि भलत्याच नावावरही टाकायची नाही. चार महिन्यांनी बारूळकडचा एक शेतकरी आला. त्याच्या पट्टीतले पैसे न्यायचे राहिले होते. बरोबर तीनशे चाळीस.

"तसं," मी नातीला म्हटलं, "लवणसमुद्र माझ्या सस्पेन्स खात्यात आहे. पण एक रक्कम सस्पेन्सला आहे म्हणून कुणी दुकान बंद करत नाही. त्या तांदळाएवढ्या माशाचं खातं मला पक्कं माहीत आहे. तो मी पाहिलाय."

"कुठे?"

"माझ्या कानात. वाटणीच्या वेळी तुझ्या मोठ्या आजीला मी तोंडाने एक शब्द बोलले नाही. पण मनात जे जे बोलले, ते बोलले असते तर हे घर उरलं नसतं."

ती हसली. तिला किती कळलं माहीत नाही. मला मात्र बरंच कळलं.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत पहिलं निःशंकित. मी आयुष्यभर त्याचा अर्थ 'प्रश्न विचारू नये' असा घेतला. पण गौतम गणधर भगवान महावीरांकडे आले ते मनात जीव आहे की नाही ही शंका घेऊनच ना? समवसरणातून कुणी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं नाही. शंका दाबली म्हणजे निःशंकित होत नाही. ती आत बसून राहते, जशी माझ्या आत राहिली. खरं सांगायचं तर १९९७ साली मुलाचा प्रश्न मला इतका झोंबला, कारण तो माझाही प्रश्न होता. शाळेत भूगोल शिकल्यापासून तो माझ्याकडे होता. मी तो किरकोळ खर्चात टाकून वही जुळवली होती. आणि तिसरा दिवस कशाचा होता? आर्जवाचा. मनात एक, ओठावर एक असं न ठेवण्याचा.

यंदाच्या दशलक्षणातही तिसऱ्या दिवशी मी त्याच जागी बसून तोच अध्याय ऐकला. या वेळी मन कुठे पळालं नाही. वाटलं, एवढ्या अफाट पसाऱ्यात माणसाचं क्षेत्र किती थोडं, आणि त्यातही मला कळलेलं तर चिमूटभर. हे जाणवलं तरी अध्यायाचं काम झालं असावं. बाकीचा निकाल माझ्यासारखीने देऊ नये.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्याच 'उत्तम क्षमा'चे मेसेज पाठवतो. फुलांचं चित्र, हात जोडलेले, शंभर जणींना एकदम. मीही पाठवले. मग मुलाला फोन लावला.

म्हटलं, "मी तुझी क्षमा मागते. मोघम नाही. सत्त्याण्णव साली तू प्रवचनात प्रश्न विचारलास, तो चांगला होता. मी तुला सगळ्यांसमोर बोलले ते चूक होतं. पुस्तक परत केलं तेही चूक होतं."

बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

मग तो म्हणाला, "आई, मला वाटलं तू विसरलीस." थोडं थांबून म्हणाला, "त्यानंतर मी तुला अवघड काही विचारणंच सोडलं."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याने देवळात येईन वगैरे काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "शेवटी नेमोचं काय झालं गं? ही सांगतच नाही मला. म्हणते, आजीला विचार."

मग मी सांगत बसले. नॉटिलस उत्तरेकडच्या समुद्रातल्या मोठ्या भोवऱ्यात सापडते. तिघं सुटतात, नेमोचं काय झालं ते कळत नाही. पुढच्या कादंबरीत म्हाताऱ्या नेमोचा शेवट आहे, तिथे तो विचारतो की मी वागलो ते चूक होतं की बरोबर. मुलगा मध्येमध्ये प्रश्न विचारत होता. एकदोन प्रश्नांना मी "माहीत नाही रे" म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा दिवस मावळायला आला होता. वरण गार झालं होतं. घाईघाईने चार घास खाल्ले आणि पाणी पिऊन उठले.

तुमच्याही घरात एखादं लेकरू प्रश्न विचारून गप्प झालं असेल तर बघा. क्षमावाणी होऊन गेली असली तरी चालतं.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.